मावशी, माझी गाडी चुकली का?

"मावशी, सलाम. मी छत्तीस वर्षांची आहे. नागपुरात मेकोसाबागेत आई आणि मी, दोघीच राहतो. एका लॅबमध्ये रक्ताचे सॅम्पल घेण्याचं काम करते, सकाळी साडेसहाची ड्युटी. एकोणीस वर्षांची असताना चिखलदऱ्याच्या शिबिरात मी आणि माझी मैत्रीण उभ्या राहिलो होतो, आयुष्य प्रभूच्या सेवेला देतो म्हणून. त्याच वर्षी बाबा वारले. मी डीएमएलटी हा लॅबचा डिप्लोमा करून नोकरी धरली, मैत्रीण सेवेला गेली. आज ती गडचिरोलीत आदिवासी मुलांमध्ये काम करते. ईस्टरनंतरच्या रविवारी आमच्या मंडळीत तिची साक्ष झाली. सगळे रडले. मीही रडले, पण वेगळ्या कारणानं. नंतर पाहुणे उपदेशक म्हणाले, पाचारण टाळणाऱ्याचं आयुष्य कोरडं राहतं. माझं आयुष्य कोरडंच आहे, मावशी. दोन वर्षांपूर्वी आईला लकवा मारला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. भाऊ पुण्याला असतो, अधूनमधून पैसे पाठवतो. लॅब, आईचे डायपर, स्वयंपाक, झोप. प्रार्थनेला बसले की शब्द येत नाहीत. नोकरी सोडून बायबल कॉलेजला जावं असं वाटून राहिलं. आईला भावाकडे नाहीतर एखाद्या वृद्धाश्रमात ठेवता येईल. देवाच्या कामासाठीच तर जाणार ना मी? माझ्यासाठी असलेली त्याची इच्छा हातून निसटली का?"
– मेकोसाबागेतली एक

लेकी, सलाम.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या पाहुण्यांचा राग आला, आणि रागात उत्तर लिहायचं नाही म्हणून पत्र रात्रभर पिठाच्या डब्याखाली दाबून ठेवलं. राग अजून पुरता उतरलेला नाही. भर उपासनेत 'तुमचं आयुष्य कोरडं राहील' म्हणायला काय लागतं? म्हणणारा सोमवारच्या गाडीनं आपल्या गावी जातो, आणि ते वाक्य घेऊन तू साडेसहाच्या ड्युटीला जातेस.

आधी सरळ उत्तर. गाडी चुकलेली नाही. देवाची इच्छा म्हणजे एकदाच सुटणारी गाडी, एकोणिसाव्या वर्षी फलाटावर पोचलं नाही तर जन्माचं हुकलं, हे चित्र आपल्या मंडळ्यांमध्ये कुठून शिरलं कोण जाणे. शास्त्रात मला ते दिसत नाही. योना तर मुद्दाम उलट्या दिशेचं तारू धरून पळाला होता, त्यालाही देवानं सोडलं नाही. आणि तू पळालीस कुठे? बाप गेल्यावर घर धरून राहिलीस.

मार्काच्या पाचव्या अध्यायातला तो माणूस आठवतो का, कबरांमध्ये राहणारा, साखळ्या तोडणारा? आपल्याकडे त्याच्यावर उपदेश होतो तो सगळा डुकरांवर होतो. दोन हजार डुकरं समुद्रात गेली, सैन्य नावाचा भूत निघाला, संपलं. पण तो अध्याय विनंत्यांवर लक्ष ठेवून वाच. भुतं विनवतात, आम्हाला डुकरांत जाऊ दे; येशू जाऊ देतो. गावकरी विनवतात, आमच्या मुलखातून निघून जा; तो निघतो. मग बरा झालेला माणूस विनवतो, मला तुझ्याबरोबर नावेत घे. तिघांत चांगली विनंती याचीच, आणि येशू नेमकी तीच नाकारतो. म्हणतो, तू आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जा. म्हणजे बघ, पूर्णवेळ सेवेला निघालेल्या माणसाला खुद्द प्रभूनं घरी पाठवलं. नावेत बसलेले बारा जण त्याच्या इच्छेत होते आणि किनाऱ्यावर राहिलेला हा तेरावा त्याच्या इच्छेबाहेर होता, असं तुझे पाहुणे म्हणतील का?

तुझी मैत्रीण नावेत आहे. तिची सेवा खरी आहे, तिला मान द्यायलाच हवा. पण वीस मिनिटांच्या साक्षीत सतरा वर्षं बसवायची तर काय काय गाळावं लागत असेल, हे तिला एकदा फोन करून विचार. तिच्याकडेही असे महिने असतील जेव्हा शब्द आले नसतील. मला वाटतं तुझा फोन आला तर तिलाच बरं वाटेल. साक्ष देणाऱ्यांना त्यांच्या कोरड्या दिवसांबद्दल कोणी विचारत नाही. योहानाच्या शेवटच्या अध्यायात पेत्रही दुसऱ्या शिष्याकडे बोट दाखवून विचारतो, प्रभू, याचं काय? उत्तर मिळतं, तुला त्याचं काय, तू माझ्यामागे ये. जरा तुटक उत्तर आहे. पण चाळीस वर्षांत माझ्या कामी फार वेळा आलंय ते, विशेषतः लोकांच्या साक्षी ऐकताना.

आता कोरडेपणाचं. तुझ्या पत्रातला खरा प्रश्न मला तोच वाटतो, बायबल कॉलेजचा नंतर.

योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू विहिरीजवळ बसलाय. दुपारची वेळ. प्रवासानं दमलेला होता, असं योहान स्वच्छ लिहितो. तहान लागलीये, पाणी काढायला जवळ पोहरा नाही. शिष्य गावात अन्न विकत आणायला गेलेत. तेवढ्यात शोमरोनी बाई येते आणि मोठं बोलणं होतं. शिष्य परततात, म्हणतात, गुरुजी, जेवून घ्या. तेव्हा तो म्हणतो की ज्यानं मला पाठवलं त्याच्या इच्छेप्रमाणे करणं आणि त्याचं काम पुरं करणं, हेच माझं अन्न आहे.

अन्न म्हणाला तो. मेजवानी म्हणाला नाही. या शब्दापाशी मी कितीतरी वर्षं थांबून आहे. पोळीभाजी रोज लागते. काल पोटभर जेवलं म्हणून आजची भूक टळत नाही. आणि साधं जेवण झाल्यावर आपण 'आज मला केवढी तृप्ती लाभली' असं काही वहीत लिहून ठेवत नाही. ताट उचलतो, हात धुतो, कामाला लागतो. अंगात बळ आलेलं असतं एवढंच. चिखलदऱ्याला तुला मिळाली ती मेजवानी होती. थंड हवा, शेकोटी, गिटार, बरोबरीची पोट्टी. खोटी नव्हती ती, देवानंच वाढली होती. पण एका पंगतीवर सतरा वर्षं काढायला गेलीस तर उपासमार होणारच, आणि मग माणूस म्हणतो, मला वाढणाऱ्यानंच टाकलं.

त्याच गोष्टीतलं आणखी एक. अन्नाचं हे बोलला तेव्हा तो दमलेलाच होता. त्या बाईशी बोलून त्याचा थकवा उतरला असं योहान कुठेही म्हणत नाही. थकवा आणि समाधान एका अंगात राहतात. म्हणून 'मी थकले, म्हणजे मी देवाच्या इच्छेत नाही' हा हिशेब मनातून काढून टाक. उलट एलीया पाहा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाला आणि दुसऱ्याच अध्यायात तो झुडपाखाली बसून मरण मागतोय. देवदूत आला त्यानं उपदेश केला नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचा लोटा उशाशी ठेवला, म्हणाला ऊठ, खा. एलीयानं खाल्लं, परत झोपला. मग पुन्हा तेच. तुला शब्द येत नाहीत त्याचं एक कारण तुझी झोप असू शकते, हे इतकं साधं आहे की आपण ते प्रार्थना सभेत कोणाला सांगत नाही. आणि एक विचारते, रागावू नकोस. रडू रोज येतं का? सकाळी उठूच नये असं वाटतं का? तसं असेल तर ते कोरडं आध्यात्मिक जीवन नसून आजार असू शकतो, आणि त्यावर औषध आहे. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, मनोविकार विभागात जा, नाहीतर आधी १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर मराठीतच बोल. रक्त तपासणाऱ्या पोरीला डॉक्टरकडे जा म्हणून मी काय समजावू!

आता जरा कडू बोलते.

आईला वृद्धाश्रमात ठेवायचं, 'देवाच्या कामासाठीच तर', असं तू लिहिलंस. मार्काचा सातवा अध्याय उघड. येशूच्या काळी एक चाल होती. आईबापांना ज्यातून मदत व्हायची ते 'कुर्बान' म्हणजे देवाला अर्पण केलं असं म्हटलं की मुलगा मोकळा. देवालाच दिलं म्हटल्यावर कोण बोलणार? येशू बोलला. आपल्या चालीनं तुम्ही देवाचं वचन रद्द करता, असं तोंडावर सांगितलं. आणि स्वतः वधस्तंभावर लटकलेला असताना, श्वास घ्यायची मारामार असताना, आईची सोय लावली. हा तुझा मुलगा, ही तुझी आई म्हणून.

वृद्धाश्रमात ठेवणं पापच, असं मी म्हणत नाहीये. आईला चोवीस तास नर्स लागेल अशी वेळ आली तर तोच प्रेमाचा निर्णय असेल, आणि कोणी नावं ठेवली तर मला सांग. मी फक्त म्हणते की त्या निर्णयाला देवाचं नाव चिकटवू नकोस. दमलीस म्हणून ठेवायचं तर 'दमले' म्हण. ते प्रामाणिक आहे, आणि प्रामाणिक असलं की त्यावर उपाय निघतो. सेवेच्या नावाखाली झाकलं की कोणालाच काही करता येत नाही.

उपाय कोणता? तुझा भाऊ. तुझ्या एवढ्या पत्रात त्याला एक ओळ. 'अधूनमधून पैसे पाठवतो.' आई फक्त तुझीच आहे का? दहा आज्ञांमधली पाचवी आज्ञा फक्त मुलींना दिलेली मी कधी वाचली नाही. आपल्याकडे होतं काय, की लेक घरात आहे, बिनलग्नाची आहे, मग आजारपण तिच्याच पदरात, आणि वर सगळे म्हणतात प्रभूची इच्छा. ही प्रभूची इच्छा नाही, ही भावाची सोय आहे. रोज आपण म्हणतो ना, जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो? पृथ्वीवर जे जे होतंय ते सगळं त्याच्याच इच्छेनं होत असतं, तर ती प्रार्थना येशूनं शिकवली कशाला असती? आईचा लकवा ही देवाची इच्छा, असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नकोस. येशूकडे पक्षघाती आणले तेव्हा त्यानं त्यांना उठवलं. 'पडून राहा, हीच पित्याची मर्जी' असं एकालाही म्हणाला नाही. लकवा मारला हे झालं. आता आईला कुशीवर वळवायची, भरवायची, तिच्याशी बोलायचं, इथून त्याची इच्छा सुरू होते. आणि त्यात तुझ्या भावाचा वाटा आहे.

या रविवारी त्याला फोन लाव. रडायचं नाही, टोमणे नाहीत, चुलत्यामालत्यांच्या जुन्या गोष्टी नाहीत. दोन गोष्टी माग. एक, 'अधूनमधून' बंद. रात्रीच्या बाईचा आठवड्यातल्या तीन रात्रींचा पगार ठरलेल्या तारखेला. दुसरी, वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस त्यानं नागपूरला येऊन राहायचं, आणि त्या दिवसांत आईजवळ तो, तू नाही. पंधरा दिवस डायपर बदलले की पैशाचं आपोआप नियमित होईल, असा माझा अनुभव आहे. तो नाही म्हणाला तर पाळकसाहेबांना मध्ये घाल. एरवी ते रिबीन कापायला असतातच, जरा यालाही येऊ देत.

अनुभव म्हणाले, तर सांगून टाकते. माझे सासरे मिशनच्या कचेरीत टायपिस्ट होते. सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये २९ नोव्हेंबर १९७० ला सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, हे तुला संडे स्कूलमध्ये शिकवलं असेल. त्याची बोलणी १९२९ पासून चालू होती. एकेचाळीस वर्षं! 'त्यांनी सर्वांनी एक व्हावे' ही प्रभूची प्रार्थना तर सगळ्यांच्या तोंडी, पण ती पुरी व्हायची म्हणजे बैठका, मसुदे, हरकती, पुन्हा मसुदे. त्यातले काही कागद सासऱ्यांनी कार्बन लावून टाइप केले होते. (ऐनवेळी मेथडिस्ट मागे सरले, त्यावर ते मरेपर्यंत तणतणत. तू मेकोसाबागेतली, म्हणजे बहुतेक मेथडिस्टच. मनावर घेऊ नकोस.) समारंभाच्या दिवशी ते कुठे होते म्हणून मी विचारलं होतं. म्हणाले, बाहेर, चपला-बुटांच्या बाजूला उभा होतो, आत जागा नव्हती.

१९९४ च्या मे महिन्यात ते अंथरुणाला खिळल्यातच जमा होते. मलाही लग्नाआधी मेळघाटात शिकवायला जायचं होतं. गेले नाही, नागपुरात शाळेत गणित शिकवत राहिले, आणि त्याचा राग कुठेतरी धरून होते. एका दुपारी लाईट गेलेली, कूलर बंद, आणि सासऱ्यांनी आठव्यांदा पाणी मागितलं. मी पेला आपटून म्हणाले, यासाठीच बोलावलं होतं का मला प्रभूनं? ते काही बोलले नाहीत. पुढच्या वेळी त्यांनी हाकच मारली नाही. स्वतः उठून माठापर्यंत जायला निघाले आणि पडले. मी आत पेपर तपासत होते. अर्धा तास ते फरशीवर पडून होते, कारण मला त्रास नको. हाड मोडलं नाही, देवाची कृपा. पण त्या अर्ध्या तासाचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. नंतरही मला काही लगेच आनंद वगैरे वाटायला लागला नाही. पाणी देत राहिले, एवढंच. कधीतरी, वर्षभरानं असेल, लक्षात आलं की पेला हातात देताना मी मनातल्या मनात भांडत नाहीये. समाधानाची माझी ओळख ही एवढीच आहे. याहून मोठी कोणाला होत असेल तर मला हेवा नाही.

तुझ्या लॅबच्या कामाबद्दल तू 'लॅब' एवढा एकच शब्द लिहिलास. मला त्यावर बोलायचंय. रोज सकाळी उपाशी, घाबरलेली माणसं तुझ्यासमोर हात पुढे करतात. कोणाची शीर सापडत नाही, कोणाचं लेकरू किंचाळतं, कोणाला कॅन्सरची शंका आहे. तू सुई हळू घालू शकतेस किंवा घाईत दोनदा टोचू शकतेस. ट्यूबवर लेबल लावताना नाव परत एकदा विचारू शकतेस किंवा पुढच्याला हाक मारू शकतेस. लेबल चुकलं तर कोणाच्या तरी घरात दुसऱ्याचाच रिपोर्ट जातो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले, शिपाई आले, विचारायला लागले, आम्ही काय करावं? मला वाटायचं तो म्हणेल, सोडा ही असली नोकरी, अरण्यात या. तो म्हणाला, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. जुलूम करू नका, पगारात भागवा. नोकरी तीच, हात बदला. लूकाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. त्याच अध्यायात पुढे येशूचा बाप्तिस्मा होतो, आणि तू माझा प्रिय पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे, असं आकाशातून ऐकू येतं. तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. त्याचा एकही चमत्कार सांगून झालेला नाही, उपदेश नाही, शिष्य नाहीत. गाव त्याला सुतार म्हणून ओळखत होतं. पिता संतुष्ट होता, आणि काम तर पुढे सुरू व्हायचं होतं. तुझ्याबाबतीतही क्रम तोच आहे. त्याला संतुष्ट करून घ्यायला तुला गडचिरोली गाठायची गरज नाही; ख्रिस्तात तू त्याची लेक आहेसच, त्यातून काम निघतं.

सदरला जाताना एसएफएस लागतं. आपण तीन अक्षरं म्हणतो आणि पुढे जातो. ते संत फ्रान्सिस द सेल्सचं नाव, जिनिव्हाचा बिशप. कॅथलिकांचे संत, पण चांगली गोष्ट कोणाकडूनही घ्यावी. १६०९ साली त्यानं संसारात राहणाऱ्यांसाठी एक पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो, बिशप मठातल्या एकांतवाशासारखा राहायला लागला, बायकापोरांचा धनी संन्याशासारखं काहीच जवळ ठेवेना, कारागीर दिवसभर देवळातच बसून राहिला, तर त्या भक्तीला लोक हसतील. ज्याची त्याची भक्ती त्याच्या कामात, ताकदीत बसायला हवी. आपल्या हिस्लॉपचंच बघ. १८४५ ला स्कॉटलंडहून नागपुरात आला तो सुवार्तेसाठी. शाळा काढली, दगड-जीवाश्म गोळा केले, आदिवासींची गाणी आणि चाली टिपून ठेवल्या. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं बघायला गेला, तिथली शाळा तपासायला मागे थांबला, आणि परतताना भरलेल्या ओढ्यात बुडाला. सेहेचाळीसही पुरी नव्हती. त्याची टिपणं १८६६ ला रिचर्ड टेंपलनं छापून काढली. त्याच्या नावाचं कॉलेज निघालं १८८३ ला. यातलं त्यानं काही पाहिलं नाही. त्याच्या वाट्याला त्या दिवशी आला तो एका खेड्यातल्या पोरांचा अभ्यास.

आता बायबल कॉलेज. जाऊच नकोस असं म्हणत नाही. पाचारण खरंही असेल. पण पळतापळता घेतलेला निर्णय आणि ऐकून घेतलेला निर्णय वेगळा असतो. अंत्युखियाच्या मंडळीत बर्णबा आणि शौल आधीपासून सेवा करत होते, आणि त्यांना वेगळं करा हे पवित्र आत्म्यानं मंडळीला सांगितलं. त्यांना एकट्याला कोपऱ्यात नाही. तेव्हा तुझ्या मंडळीतल्या दोनतीन जाणत्या बायकांना, ज्या तुला लहानपणापासून ओळखतात, त्यांना विचार की माझ्यात तुम्हाला काय दिसतं. स्वतःला विचार की माझी साक्ष कधीच कुठे झाली नाही, मला कोणी व्यासपीठावर बोलावलं नाही, तरी मी जाईन का? उत्तर 'हो' आलं तर वर्षभर तसंच राहू दे आणि पुन्हा विचार. दरम्यान शिकायचंच असेल तर सेरामपूरच्या सिनेटचे घरी राहून करायचे अभ्यासक्रम आहेत, पाळकसाहेबांना माहिती असेल. सुरुवात छोट्यापासून कर. आणि अभ्यास करताना जो आनंद होईल त्याला पाप समजू नकोस.

प्रार्थनेचं. शब्द येत नाहीत तर नको येऊ देत. कडबी चौकात सिग्नलला थांबतेस तेव्हा एक ओळ म्हण. दिवसातली पहिली शीर शोधताना, बोट हातावर ठेवलेलं असताना, त्या माणसाचं नाव घे. पुरे.

एक गोष्ट शेवटाला ठेवली होती. तुझ्या पत्रात आई आहे ती डायपर, लकवा आणि 'कुठे ठेवावी' एवढीच आहे. तुझ्यासाठी देवाची इच्छा काय, हे तू मला विचारलंस. आईसाठी त्याची इच्छा काय, हे कोणी विचारलं का? बोलता येत नाही म्हणून तिचं पाचारण संपलं का? तुझी आई आधी कशी होती ते मला माहीत नाही, पण मंडळीतल्या तिच्या पिढीच्या बायका मला माहीत आहेत. त्यांच्याजवळ नावांच्या याद्या असायच्या. रोज पहाटे त्या नावं घ्यायच्या. लॅबमधून आलीस की तिला सांग, आज एक बाई आली होती, फार घाबरली होती, तिच्यासाठी प्रार्थना कर. शब्द तिला लागत नाहीत, ज्याला ऐकायचंय तो ऐकतो. गडचिरोलीच्या मैत्रिणीचं नावही दे तिला.

आणि एक करून पाहा. तू लॅबवाली आहेस, तुला माहीत असेल. उजवी बाजू जाते तेव्हा मार मेंदूच्या डाव्या भागाला लागलेला असतो, आणि बोलणं बहुतेकांचं तिथेच असतं. म्हणून बोलणं जातं. पण अशा कितीतरी माणसांना बोलता येत नसलं तरी पाठ असलेलं गाणं म्हणता येतं, शब्दांसकट. सगळ्यांना जमतं असं नाही. पण घरात उपासना संगीत, आपलं गीतांचं पुस्तक, असेलच. संध्याकाळी कूलरसमोर तिची खाट ओढ, तिच्या लहानपणापासूनचं एखादं गीत काढ, अगदी सावकाश, आणि दुसऱ्या ओळीला तू थांब. ती उचलते का बघ.

भाऊ काय म्हणाला ते मला कळव. गीताचंही कळव, आणि कोणतं होतं ते लिही.

तुझी,
मावशी